उरलेल्या गोळ्या

सकाळचे पावणेआठ वाजलेत. एसटी स्टँडपासून जिल्हा रुग्णालय पायी दहा मिनिटांवर. कोजागिरी होऊन गेलीय, दिवाळी आठवड्यावर आलीय. मधले हे दिवस मराठवाड्यात पुन्हा तापतात. ऊन आत्ताच मानेला चावतंय.

फाटकाबाहेर चहाची गाडी लागलीय. शेजारी केळीवाला. रात्री मुक्कामाला राहिलेल्या नातेवाइकांचं धुणं कुंपणाच्या तारेवर वाळतंय. माणसं आत शिरतात. कुणाच्या हाताला प्लास्टर, कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. त्यांच्यातूनच आमची माणसं येतात. ती मला लांबूनच ओळखू येतात. एक जण पुढं चालतो, दुसरा त्याचं मनगट धरून अर्धं पाऊल मागं. मागच्याच्या हातात कॅरीबॅग. कॅरीबॅगेत फाइल, फाइलीत घड्या पडून मऊ झालेले केसपेपर, आणि तळाशी रबर लावलेली गोळ्यांची पाकिटं.

माझ्या पिशवीतही तेच आहे. फाइल दादाची. हे अकरावं वर्ष.

केसपेपरच्या खिडकीला दोन रांगा आहेत, बायांची आणि पुरुषांची. पूर्वी इथं सुट्ट्या पैशांवरून रोज वाद व्हायचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे घेत नाहीत. वाद थांबले. रांग तेवढीच आहे.

खिडकीतला माणूस मान वर न करता विचारतो, "कुठं दाखवायचं?"

"हाडाचे डॉक्टर."

"डोळे."

"पोटात दुखतंय चार दिवसांपासून."

सगळे मोठ्यानं सांगतात. मग आमच्यातल्या कुणाचा तरी नंबर येतो आणि आवाज उतरतो. "सोळा नंबर." आजाराचं नाव घ्यायचं नाही, विभागाचंही नाही. खोलीचा आकडा सांगायचा. खिडकीतून मात्र खणखणीत आवाज येतो, "मानसोपचार!" शिक्का बसतो. रांगेतली चार डोकी वळून बघतात. पुरुषांच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आहेत. ते तोंडावरचा रुमाल नाकाच्या वर ओढतात आणि कागद घेऊन भराभर निघून जातात. कुठल्याशा शाळेवर मास्तर आहेत. तीन वर्षं मी त्यांना बघतेय. रुमाल दर वेळी असतो. पण त्यांचा एक महिनाही चुकलेला नाही.

सोळा नंबर तळमजल्याच्या टोकाला आहे. एक्स-रे ओलांडायचा, सोनोग्राफीसमोरची गर्दी ओलांडायची, जिन्याखालून डावीकडं वळायचं. इथं फिनेलचा वास जास्त येतो. उजेड कमी. भिंतीला लागून कडप्प्याचे बाक आहेत. ते भरले की माणसं फरशीवर बसतात. फरशी गार असते, म्हणून काही जण बाक रिकामा असतानाही खालीच बसतात. नऊ वाजता मी साठ माणसं मोजते. बारापर्यंत हा आकडा दीडशेच्या घरात जाईल, कारण आज आठवडी बाजार आहे आणि बाजाराच्या दिवशी एका तिकिटात दोन कामं होतात. डॉक्टर मॅडम वॉर्डातला राउंड आटोपून दहाला येतील.

तोवर बसायचं.

समोर एक पोरगा आहे, वीस-बावीसचा. त्याला बसवत नाही. उठतो, पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, परत येतो, बसतो, पाय हलवतो, पुन्हा उठतो. बाप खेकसतो, "गप बस की एका जागी!"

शेजारची म्हातारी बापाकडं वळते. "त्याला खेकसू नका, भाऊ. त्याच्या हातात न्हाई ते. नवी गोळी सुरू झाली का?"

"मागच्या महिन्यात."

"मंग गोळीनंच. आत गेल्यावर सांगा, पायाची बेचैनी हाय म्हणून. कमी करून देत्यात, न्हाईतर बदलून देत्यात. सांगितल्याबिगर कळत न्हाई त्यांना."

बाप पोराकडं बघतो. आता वेगळ्या नजरेनं बघतो. "मला वाटलं, मुद्दाम करतंय," तो म्हणतो.

म्हातारी शाळेत गेलेली नाही. सोळा वर्षं लेकाला घेऊन या बाकावर बसलीय. मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, हाताला कंप, तोंडाला कोरड, अंगावर मांस चढणं, बाईची पाळी लांबणं. कुठल्या गोळीनं काय होतं ते तिला पाठ आहे. एका डॉक्टरसमोर दीडशे माणसं असतात तेव्हा हे सांगायला तिथं वेळ उरत नाही. आणि ते न सांगितल्यामुळं किती घरांत गोळ्या परसातल्या उकिरड्यावर गेल्या असतील. या बाकावरची माणसं ते काम करतात. त्यांना त्याचा पगार नाही, कुठल्या कागदावर त्यांची नोंद नाही.

इथं ओळख निघते ती अशी. "तुमचं कितवं?" "सोळावं." "आमचं तिसरंच." महिन्याच्या या येण्याला सगळे वारी म्हणतात. या महिन्याची वारी झाली का, पुढची वारी कधीची.

म्हातारीनं पिशवीतून कागद काढलाय. भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान. गोळी गेली त्या रात्रीच्या चौकोनात तिनं कोळशानं ठिपका दिलाय. महिनाभर ठिपके आहेत. मधे नऊ चौकोन कोरे. मी त्या तारखा बघते आणि ती माझ्याकडं बघते.

"नवरात्र," ती म्हणते. "नऊच्या नऊ दिस धरतो तो. देवीचं हाय, मी काय बोलू?"

बाकाच्या टोकाला एक आजोबा आहेत, पांढरा पटका, हातात काठी. नातवाला घेऊन आलेत. ते आपल्या चुलत्याबद्दल सांगायला लागतात. चुलता असाच होता. लई हुशार, मोडीचं वाचायचा. मग बिघडला. त्याला गोठ्यात बैलाच्या साखळीनं बांधलेलं त्यांनी लहानपणी पाहिलंय. भाकरी लांबून सरकवायचे. तसाच गेला. "तवा ह्या गोळ्या नव्हत्या," आजोबा म्हणतात आणि नातवाच्या पाठीवरून हात फिरवतात. गोळ्या तेव्हा नुकत्याच जगात आल्या होत्या. लिथियमनं उन्माद उतरतो हे ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरनं १९४९ साली दाखवलं. भास आणि संशय कमी करणारं पहिलं औषध फ्रान्समध्ये १९५२ साली वापरात आलं. त्या गोठ्यापर्यंत ते पोचलं नाही.

आजही सगळीकडं पोचत नाही. २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. आजार आहे पण उपचार नाहीत अशांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. पण या बाकावरच्या कुणालाही विचारा, "तुमच्या गावात आणखी कुणी?" दोन-तीन नावं लगेच येतात. मग आवाज खाली येतो. "ते न्हाई येत. त्यांचं बाहेरचं हाय म्हणत्यात."

दहा वाजून वीस मिनिटं. मॅडम आल्या. गर्दी एकदम उभी राहते आणि दाराकडं सरकते. शिपाई मामा दारात हात आडवा धरतात, "एकेक जण! केसपेपर इथं द्या." तरीही आत नेहमी तीन असतात. एक खुर्चीवर, एक त्याच्या मागं उभा, आणि पुढच्या नंबरचा दाराला टेकून. दार लोटलं तरी फट राहते. त्यामुळं आतलं बाहेर ऐकू येतं, आणि बाहेरच्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असतं.

मॅडमचा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच. "गोळ्या किती उरल्या? काढा बघू."

पिशवी टेबलावर उलटी होते. पाकिटं बाहेर पडतात. मॅडम बोटानं मोजतात. जीभ खोटं बोलते, माणसं घाबरून "रोज घेतो" म्हणतात, पण पाकिटातले न फुटलेले फुगे मोजता येतात. महिन्याच्या तीस दिल्या होत्या, आज बरोबर तीस दिवस झाले, आणि टेबलावर नऊ आहेत.

"नवरात्र का?" मॅडम विचारतात.

म्हातारी मान हलवते. लेक खाली बघतो.

"उपास करा, माझी ना नाही. गोळी पाण्याबरोबर घ्यायची. गोळीनं उपास मोडत नाही. देवी रागवत असेल तर माझं नाव सांगा."

लेक पहिल्यांदा मान वर करतो. गेल्या चार रात्री तो झोपलेला नाही, हे म्हातारी आता सांगते. गच्चीवर चालत असतो. शेजारचे आपल्याबद्दल बोलतात म्हणतो. नऊ गोळ्यांनी एवढं झालंय. मॅडम दुसरा कागद ओढतात, झोपेसाठी पाच दिवसांची गोळी लिहितात, "पाचच दिवस, सवय लागते हिची," असं दोनदा सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावतात.

मग एक धडधाकट माणूस येतो. गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच सोडल्या आहेत. बायकोनं ओढून आणलंय. "बरं वाटत होतं, मॅडम. मग कशाला उगीच?"

"बरं वाटत होतं ते गोळी चालू होती म्हणून."

हे वाक्य मी या दारातून किती वेळा ऐकलंय. दादा हेच म्हणाला होता, दोनदा. दोन्ही वेळा घरात आम्हालाही ते पटलं होतं, कारण आम्हालाही तेच हवं होतं. गोळ्या बंद म्हणजे आजार गेला. ताप उतरला की क्रोसिन थांबवतात तसं. उदासीची गोळीसुद्धा काम करायला दोन ते चार आठवडे घेते, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर ती पुढं सहा-नऊ महिने चालू ठेवतात. पहिल्या पंधरवड्यात फरक नाही म्हणून सुटते, नाहीतर तीन महिन्यांनी फरक पडला म्हणून सुटते. एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. कमी करायची तर पायरीपायरीनं, विचारून.

दाराला टेकून आता एक नवी नवरी उभी आहे. हातात हिरवा चुडा. सोबत भाऊ. लग्नाला चार महिने झालेत आणि सासरी कुणाला माहीत नाही. गोळ्या तिनं तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवल्यात. सासूला वाटतं पित्ताच्या आहेत. मॅडम जुना कागद वाचतात, मामांना खूण करतात, दार या वेळी पूर्ण लागतं. बऱ्याच वेळानं ती बाहेर येते. डोळे पुसलेले आहेत. भाऊ कागद माझ्यापुढं धरतो, "ताई, हे काय लिहिलंय वाचता का? जुनी बंद करा म्हणाल्या." जुनी गोळी व्हॅल्प्रोएटची आहे. दिवस राहिले तर ती गर्भाला इजा करू शकते, म्हणून बदलून दिलीय. जुनी हळूहळू उतरवायची, नवी हळूहळू चढवायची. कागदावर चार आठवड्यांचं कोष्टक आहे, पाव, अर्धी, पाऊण. मी ते दोनदा वाचून दाखवते. हे सगळं ती तांदळाच्या डब्यातून, सासू दळणाला गेली की, कसं जमवणार आहे ते मला कळत नाही. नवरा पुढच्या वेळी सोबत येईल का, असं मॅडमनी तिला विचारलंय. ती म्हणाली, विचारून बघते.

बाजूच्या लहान खोलीत इंजेक्शनं चालू आहेत. पडद्याआड सिस्टर, बाहेर सात-आठ पुरुष. यातल्या बऱ्याच जणांच्या घरी गोळ्या मोजणारं कुणी नाही. त्यांच्यासाठी हे इंजेक्शन, दोन ते चार आठवड्यांतून एकदा, कमरेखाली. औषध तिळाच्या तेलात विरघळवलेलं असतं, म्हणून अंगात सावकाश उतरत राहतं. सुई जाड लागते. एक जण शर्ट खोचत बाहेर येतो, भिंतीला टेकतो. "रोजच्या कटकटीपेक्षा हे बरं," तो म्हणतो. तो एकटाच आलाय. दर वेळी एकटाच येतो.

साडेअकरा. मी रक्ततपासणीच्या खिडकीकडं जाते, दादाचा रिपोर्ट घ्यायला. इथं एक जोडपं उभं आहे. त्याच्या डोक्याला उपरणं, तिच्या हातात पत्र्याची पेटी उचलून पडलेले घट्टे. तो गप्प आहे. ती खिडकीत बोलतेय.

"घ्या की हो रक्त. बहात्तर किलोमीटरहून आलो."

"बाई, ह्यांनी सकाळची गोळी घेतलीय ना?"

"घेतली. सहा वाजता, एसटीत बसताना. चुकवायची न्हाई म्हणून सांगितलंय."

"तेच तर. या तपासणीला गोळी घेऊन बारा तास झालेले लागतात."

"हे आधी कोण सांगणार?"

खिडकीतला मुलगा गप्प होतो. वाईट नाही तो. त्यालाही माहीत आहे की कागदावर फक्त तपासणीचं नाव लिहिलंय.

तिच्या नवऱ्याला लिथियम चालू आहे. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० लागतं. कमी असलं तर उपयोग नाही. १.५ च्या वर गेलं तर विष होतं: जुलाब, ओकाऱ्या, हाताला मोठा कंप, जीभ जड, तोल जातो. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची न घेता, रक्त द्यायचं असतं. थायरॉइड आणि किडनीही अधूनमधून बघायची असते. पुढच्या बुधवारी या, असं खिडकीतल्या मुलाला म्हणता आलं असतं. पण ती सांगते, मुकादमाची गाडी शुक्रवारी पहाटे निघतेय. बेळगावकडं. उचल घेऊन झालीय, खर्चूनही झालीय. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्याला मागं ठेवून ती एकटी जाऊ शकत नाही.

ती दोघं परत सोळा नंबरकडं निघतात. माझंही काम तिकडंच आहे.

"सहा महिन्यांच्या गोळ्या द्या, मॅडम," ती आत म्हणते. "मार्च-एप्रिलबिगर माघारी येणं न्हाई."

मॅडम पेन खाली ठेवतात. दारात गर्दी आहे, मामा दोनदा डोकावून गेलेत, तरी त्या खुर्ची वळवून त्या दोघांसमोर नीट बसतात. दोन महिन्यांच्या देते, म्हणतात. त्याहून जास्त एका जागी ठेवायच्या नाहीत. पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या इथून नेऊन पाठवायला कुणी आहे का? जाऊ आहे. जावेला कागद घेऊन यायला सांगा. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर पाठवेल. गोळ्या कुणाजवळ राहणार? "माझ्यापाशी," ती म्हणते. बरोबर, तुमच्यापाशीच ठेवा.

"फडात अंग दुखलं की काय घेता?" मॅडम त्याला विचारतात.

तो पहिल्यांदा बोलतो. "गोळी. दुकानातली."

"रोज?"

"रोजच लागती, मॅडम. त्याबिगर मोळी उचलत न्हाई."

ती कनवटीच्या पिशवीतून पाकीट काढते. मॅडम बघतात. आयबुप्रोफेन. त्या पाकीट टेबलाच्या आपल्या बाजूला ओढून घेतात. ही गोळी लिथियमला अंगातून बाहेर जाऊ देत नाही. वर फडातला घाम, पाण्याची कमतरता, जुलाब लागले तर आणखी. प्रमाण चढत जातं आणि आठवड्यात माणूस आडवा होतो. दुखलं तर पॅरासिटामोल घ्या, दुसरं काही नाही. पाणी भरपूर. जेवणातलं मीठ एकदम कमी करू नका. हात जास्त थरथरायला लागले, ओकारी झाली, बोलणं अडखळलं, तर लिथियम थांबवा आणि जो जवळचा सरकारी दवाखाना असेल तिथं ही चिठ्ठी दाखवा. त्या चिठ्ठी लिहितात. मग रक्ताचं. आज रात्री आठ वाजता गोळी. उद्या सकाळी आठ वाजता रक्त. सकाळची गोळी रक्त दिल्यावर. मुक्काम करू शकाल?

दोघं एकमेकांकडं बघतात. "करतो," तो म्हणतो.

हे सगळं व्हायला बारा मिनिटं लागतात. बाहेर कुणीतरी कुरकुरतं. आतली बारा मिनिटं मला या आख्ख्या दिवसातली सगळ्यात मोलाची वाटतात. प्रत्येकाला अशी बारा मिनिटं मिळायला हवीत. दीडशे माणसांना बारा मिनिटं म्हणजे तीस तास होतात.

औषधाच्या खिडकीवर ऊन थेट येतं. पत्र्याचं छप्पर रांगेच्या निम्म्यावर संपतं. पुढचे सावलीत, मागचे उन्हात, डोक्यावर फाइली धरून. एक वाजलाय. खिडकीतून गोळ्या कात्रीनं कापून येतात, दहाच्या पाकिटातले चार फुगे, सहा फुगे, खाकी पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र. सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं.

माझ्यापुढं सकाळचा तो पाय हलवणारा पोरगा आणि त्याचा बाप. त्यांच्या कागदावर दोन औषधं आहेत. खिडकीतून एकाभोवती लाल गोल होऊन कागद परत येतो. "हे संपलंय. बाहेरून घ्या." लाल गोल टीएचपीवर आहे, अंग आखडू नये म्हणून सोबत द्यायची ती गोळी. ती फार महाग नाही. पण बाप खिशातले पैसे मोजतो, परतीचं तिकीट बाजूला काढतो, आणि कागदाची घडी घालतो. ती घडी मी ओळखते. मुख्य गोळी मिळाली आहे, एक बारकी राहिली तर काय झालं, असा तो हिशेब आहे. चार दिवसांनी पोराची मान आखडेल आणि घरचे म्हणतील, डॉक्टरच्या गोळीनंच झालं. मी त्याला थांबवते. सांगते, हीच आधी घ्या. म्हातारीनं सकाळी सांगितलं ते मी दुपारी पुढं सांगतेय.

माझा नंबर येतो. दादाची गोळी क्लोझापीन. ही सुरू केली तेव्हा पहिले अठरा आठवडे, दर आठवड्याला, पांढऱ्या पेशी मोजायला त्याला इथं आणत होते. काही जणांत या गोळीनं त्या पेशी धोकादायक कमी होतात. आता महिन्याला एकदा मोजतात. रक्त त्यानं परवा तालुक्याला दिलंय, आज मी एकटी आलेय. दादा आता सकाळी दहा ते दोन पिठाच्या गिरणीवर बसतो. दहाच्या आधी त्याच्या अंगातली सुस्ती जात नाही. रात्री लाळ येते, म्हणून उशीवर टॉवेल पसरायचा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, म्हणून रोज इसबगोल. पोट वाढलंय. पण तो हिशेब बरोबर ठेवतो, कुणाच्या पायलीचे किती, ते तोंडी. गिऱ्हाइकं त्याला नावानं हाक मारतात. आधीची आठ वर्षं तो घराबाहेर पडला नव्हता.

या गोळीचा एक नियम आहे. सलग दोन दिवसांच्या वर चुकली, तर चालू होती त्या डोसनं पुन्हा घेता येत नाही. अगदी थोड्यापासून, साडेबारा मिलिग्रॅमपासून, परत चढवत न्यावी लागते. एकदा एसटीचा संप होता, एकदा खिडकीत गोळी नव्हती, आणि मला वाटलं दोन-तीन दिवसांनी काय होतंय. सव्वा महिना लागला त्याला मूळ जागी यायला. तेव्हापासून मी चार दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवते, देवघरातल्या डबीत. महिन्याच्या गोळ्या आणल्या की डबीतल्या जुन्या आधी वापरायच्या आणि नव्यातल्या चार डबीत टाकायच्या.

खिडकीतून पाकिटं येतात. मी तिथंच मोजते. मागचे चिडले तरी मोजते.

अडीच वाजता मी स्टँडवर आहे. फलाटावर डिझेलचा धूर, बाजाराच्या पिशव्या, मेथीच्या जुड्या, पायांत घुटमळणाऱ्या कोंबड्या. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून आता सोबत येणाऱ्या आया-बहिणी वाढल्यात, हे मी स्वतः बघितलंय. पण दोघांचा दिवसाचा रोज बुडतो तो बुडतोच.

सहा नंबरच्या फलाटाच्या कडेला ते जोडपं बसलंय. त्यांनी भाकरी सोडलीय. रात्र ते इथंच काढणार आहेत. मी शेजारी टेकते. ती सांगते, त्यांच्या तालुक्याच्या गावाला ग्रामीण रुग्णालय आहे. घरापासून सहा किलोमीटर. तिथं विचारलं होतं. तिथं ह्या गोळ्या ठेवत नाहीत.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत असलेली या आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असं त्यात लिहिलंय. लिथियम राष्ट्रीय यादीत आहे. मी तिला हे सांगते. ती ऐकून घेते आणि विचारते, "मंग कुणाला सांगायचं, ताई?" मी तिला एका कागदावर तालुक्याच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहून देते. खाली तिची सही नाही, अंगठा आहे. अंगठ्याला शाई नाही, म्हणून तिनं पेनाची रिफिल बोटावर फिरवलीय. अर्ज जाऊ नेऊन देईल.

तुमच्याही तालुक्याला असं एक रुग्णालय असेल. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा औषधाच्या खिडकीवर एवढंच विचारा, मानसोपचाराच्या गोळ्या इथं मिळतात का. घरात कुणी आजारी नसलं तरी विचारा.

माझी गाडी लागते. ती तिचा मोबाइल पुढं करते. बटनांचा, काचेला तडा गेलेला. "आठ वाजताचं वाजायला लावून देता का? रात्रीचं बी, सकाळचं बी." मी दोन्ही गजर लावते आणि एकदा वाजवून दाखवते. तो गोळीचं खाकी पाकीट उघडून बघतो, चंद्र काढलेलं, आणि ते तिच्या हातात परत देतो. ती ते कनवटीला लावते. आठ वाजायला अजून पाच तास आहेत.